दिवाळीतले पंखवाले पाहुणे: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

नवरात्र ते तुळशीचं लग्न, या दिवसांत माझ्याकडे येणाऱ्या प्रश्नांत निम्मे तरी मधमाश्यांचे असतात. यंदा पत्रं, ईमेल, व्हॉट्सॲपवरचे फोटो, सगळीकडे त्याच. म्हणून या वेळी खतं-माती-कोकोपीट बाजूला ठेवून सगळा कॉलम त्यांनाच देऊन टाकला.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. यूट्यूबवरचे परदेशी व्हिडिओ बघून बऱ्याच जणांचा समज झालाय की ऑक्टोबर आला म्हणजे माश्या-फुलपाखरांचा सीझन संपला, आता बाग आवरून ठेवायची. तिकडे असेल तसं. आपल्याकडे माश्यांचे हाल होतात ते आषाढ-श्रावणात, धो धो पावसात बाहेर पडता येत नाही, फुलातला रस धुऊन जातो, आणि मग पाऊस ओसरला की रानात जे काही फुलतं त्यावर त्यांची खरी दिवाळी सुरू होते. आणि नेमकं तेव्हाच आपण साफसफाई म्हणून हातात कात्री घेतो आणि बाग भादरून मोकळे होतो!

प्रश्न: ताई, आमच्या बाल्कनीत तुळस आणि कॉसमॉस आहे. दसऱ्यापासून रोज सकाळी तीन-चार प्रकारच्या माश्या येतात, काही अगदी बारीक, काही चांगल्या मोठ्या. घरात लहान बाळ आहे. यातल्या चावणाऱ्या कुठल्या? फोटो पाठवतेय. (कोथरूड, पुणे)

फोटो छान आलेत, पण तीनपैकी एकात मधमाशीच नाहीये! तो पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा प्राणी हवेत एका जागी हेलिकॉप्टरसारखा थांबलाय, डोळे डोक्याएवढे आणि मिशा जेमतेम, म्हणजे ती हॉवरफ्लाय. मधमाशीचं सोंग घेतलेली साधी माशी. हिला नांगी नसतेच. उलट हिच्या बऱ्याच जातींची पिल्लं मावा, म्हणजे झाडाचा रस शोषणारी बारीक कीड, खातात, तेव्हा ती आली तर आनंद माना.

बाकीच्यांत आकार बघायचा. डासाएवढी, काळी, जेमतेम तीन-चार मिलिमीटरची असेल तर ती पोयाची माशी, काही भागात कोती म्हणतात. हीसुद्धा डंख मारू शकत नाही. जुन्या वाड्याच्या भिंतीच्या फटीतून मेणचट काळपट नळी बाहेर आलेली कधी बघितली असेल तर ते हिच्या घराचं दार. त्याहून जरा मोठी, पोट पुढे तांबूस आणि मागे काळे-पांढरे पट्टे, ती फुलोरी. ही झुडपात एखाद्या काडीभोवती तळहाताएवढं एकच पोळं करते आणि मुंग्या येऊ नयेत म्हणून त्या काडीला दोन्ही बाजूंनी डिंकासारख्या चिकट पदार्थाचा पट्टा लावते. आपण मुंग्यांसाठी पलंगाच्या पायाखाली पाण्याच्या वाट्या ठेवायचो ना, तसलाच प्रकार. मग सातेरी, म्हणजे झाडाच्या ढोलीत किंवा मधपेटीत राहणारी, महाबळेश्वरकडच्या पेट्यांतली ती हीच, आणि तिथलंच मांघर हे २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. आणि सगळ्यात मोठी, पाऊण इंचाची, ती आग्या.

आता चावण्याचं. फुलावर आलेली माशी कामात असते, तिला तुमच्या बाळात काही इंटरेस्ट नसतो. हात मारला, मुठीत पकडली किंवा अनवाणी पायाखाली आली तरच डंख बसतो. बाळ रांगत असेल तर गळालेली फुलं सकाळी झाडून घ्या, कारण खाली पडलेल्या फुलातही माशी बसलेली असते, आणि तुळशीची कुंडी कठड्याच्या बाजूला सरकवा, झालं.

आणि हो, मंजिऱ्या. तुळस दाट व्हावी म्हणून मंजिऱ्या खुडा असं मीच या कॉलममध्ये कितीदा तरी लिहिलंय. या दोन महिन्यांत अर्ध्याच खुडा. सकाळी नऊच्या सुमाराला फुललेल्या तुळशीपाशी पाच मिनिटं उभं राहून बघा, मी काय म्हणतेय ते कळेल.

प्रश्न: आमच्या दहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या सज्जाखाली आग्या मोहोळ लागलंय. मागच्या वर्षीही तिथेच होतं, जाळून काढलं, यंदा परत हजर. वर रोज सकाळी बाल्कनीत ट्यूबलाइटखाली दहा-बारा मेलेल्या माश्या सापडतात. सोसायटीतले लोक परत जाळायचं म्हणताहेत. काय करावं? (नागपूर)

भाऊ, आधी ट्यूबलाइटचं. आग्या माशी चांदण्या रात्रीसुद्धा फुलांवर जाते, ही तिची खासियत. रात्री उजेड दिसला की ती तिकडे ओढली जाते, दिव्याभोवती फिरून फिरून दमते आणि खाली पडते. यात विष-औषधाचा काही संबंध असेलच असं नाही. संध्याकाळनंतर बाल्कनीतला पांढरा लाइट बंद, हॉलचा पडदा ओढलेला, लावायचाच असेल तर मंद पिवळा बल्ब, एवढं आठ दिवस करून बघा. आणि सकाळी त्या माश्या हाताने उचलू नका, मेलेल्या माशीची नांगीसुद्धा टोचते, मी स्वतः केर भरताना हा अनुभव घेतलेला आहे.

आता मोहोळ. या माश्या एका जागी कायमच्या राहत नाहीत, फुलोरा जिकडे तिकडे मुक्काम हलवतात आणि हंगाम आला की परत त्याच झाडावर, त्याच सज्जाखाली येतात. म्हणजे जाळून प्रश्न सुटला असं जे सगळ्यांना वाटलं तो सुटलेला नव्हताच. आमच्या जुन्या सोसायटीतही एकदा असंच रात्री मशाल लावून जाळलं होतं, मेलेल्या माश्यांचा खच तर पडलाच, पण उरलेल्या दोन दिवस जिन्यात फिरत होत्या आणि दूधवाल्याला बिचाऱ्याला विनाकारण डंख बसले. भिंत काळी झाली ती वेगळीच.

मोहोळ न छेडता राहू दिलं तर बहुतेक वेळा काही होत नाही. कधी लांबून, दुर्बीण असेल तर दुर्बिणीतून, नीट बघा त्याच्याकडे. वरून खाली एक लाट सर्रकन जाते, स्टेडियममध्ये लोक उठून-बसून लाट करतात ना, अगदी तशी. गांधीलमाशी जवळ आली की हजारो माश्या एकामागोमाग पोट वर उचलतात आणि ती लाट दिसते. ही तिची 'लांब राहा' सांगायची पद्धत आहे, आणि ती आपणही ऐकावी. खाली फटाके नकोत, धूर नको, मुलांनी दगड-बॉल मारायचा नाही, ड्रिल मशीनचं काम त्या भिंतीवर नको. एक माशी डंख मारते तेव्हा त्या जागी पिकलेल्या केळ्यासारखा वास सुटतो आणि तो बाकीच्यांना आमंत्रण असतो, म्हणून एक चावली की उभं राहून हात झटकत बसायचं नाही, तोंड झाकून सरळ घरात पळायचं आणि दार-खिडक्या लावायच्या. काटा राहिला असेल तर चिमटा शोधण्यात वेळ घालवू नका, नखाने किंवा एटीएम कार्डाने लगेच खरवडून काढा. खूप डंख बसले किंवा श्वास लागला, ओठ-डोळे सुजले तर घरगुती उपाय नाही, थेट हॉस्पिटल.

अगदीच जाण्यायेण्याच्या वाटेवर असेल, शेजारी कुणाला ॲलर्जी असेल, तर माश्या न मारता पोळं उतरवणाऱ्या माणसालाच बोलवा, पेस्ट कंट्रोलवाल्याला नको. पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, १९६२ पासूनची, तिथे ट्रेनिंग घेतलेले लोक बऱ्याच ठिकाणी असतात, तुमच्या भागातल्या मधपाळांकडे चौकशी करा.

प्रश्न: टेरेसवर दुधी लावलाय. वेल मस्त, फुलं भरपूर, छोटे छोटे दुधी धरतात आणि बोटाएवढे झाले की पिवळे पडून गळतात. बोरॉन दिलं, ताक फवारलं, काही फरक नाही. सकाळी वेलावर भरपूर मधमाश्या असतात, म्हणजे परागीभवनाचा प्रॉब्लेम नसावा. (ठाणे)

काका, प्रॉब्लेम तिथेच आहे! तुमच्या माश्या येतात सकाळी आणि दुधीचं फूल उमलतं संध्याकाळी. म्हणूनच ते पांढरं असतं, अंधारात दिसावं म्हणून. त्याचं गिऱ्हाईक म्हणजे रात्रीचे पतंग, खास करून ते मोठे, लांब सोंडेचे, फुलासमोर हवेत थांबून रस पिणारे. सातव्या-आठव्या मजल्यावर, चारी बाजूंनी एलईडीचा लखलखाट, तिथे ते फारसे फिरकत नाहीत. आणि जे बोटाएवढे 'धरलेले' दुधी तुम्ही बघताय ते धरलेले नाहीतच, मादी फुलामागे तो छोटा दुधी आधीपासूनच असतो, पराग मिळाला नाही की पिवळा पडून गळतो.

तेव्हा पतंगाचं काम तुम्ही करा. दिवेलागणीला टेरेसवर जायचं, लांब देठाचं साधं फूल म्हणजे नर, ते तोडून त्याच्या पाकळ्या मागे सोलायच्या आणि मधला पिवळा दांडा मादी फुलाच्या मध्यभागी हलक्या हाताने फिरवायचा. एका नर फुलात दोन-तीन माद्या होतात. दोन-तीन दिवसांत छोट्या दुधीने मान खाली घातली आणि तो फुगायला लागला की समजायचं जमलं. बोरॉन राहू द्या आता, पुरे झालं.

प्रत्येक वेलाचं टाइमटेबल वेगळं असतं बरं का. दोडक्याची पिवळी फुलं संध्याकाळी उमलतात आणि त्याच्याच सख्ख्या भावाची, घोसाळ्याची, पहाटे. लाल भोपळा उजाडता उजाडता उमलतो आणि ऊन चढलं की दुकान बंद, त्यामुळे रविवारी आरामात नाश्ता करून वर गेलात तर गेलं. काकडी-कारल्याला सकाळच्या माश्या पुरतात. पडवळ रात्रीचं, आणि त्याच्या फुलाच्या झालरी तर टॉर्च लावून बघण्यासारख्या.

प्रश्न: मोठ्ठा काळा भुंगा आमच्या मांडवाचा बांबू पोखरतोय, पेन्सिल जाईल एवढं गोल भोक पाडलंय. रॉकेल ओतू का? (कोल्हापूर)

अहो नको! मागच्या महिन्यात तुम्हीच तर लिहिलं होतं ना की यंदा वांगी झकास लागलीत म्हणून? त्यातला वाटा या भुंग्याचा आहे. वांग्या-टोमॅटोच्या फुलात पराग एका नळीत बंद असतात, टोकाला बारीक भोक, मिठाच्या डबीसारखं, हलवल्याशिवाय बाहेर पडत नाही. साध्या मधमाशीला ते हलवायची युक्ती येत नाही. हा भुंगा फूल पायांनी घट्ट धरतो आणि पंख न हलवता नुसते पंखांचे स्नायू थरथरवतो, आवाज एकदम बदलतो, गुंऽऽ वरून झींऽऽ, आणि पराग भसकन त्याच्या पोटावर सांडतात. एकदा हा आवाज ऐकलात ना की मग डोळे मिटूनही ओळखता येतो.

बांबूचं म्हणाल तर तो मेलेल्या, वाळक्या लाकडातच घर करतो, जिवंत झाडाला हात लावत नाही. मांडवाचा मुख्य आधाराचा बांबू असेल तर तो बदला, आणि जुना भोकाचा बांबू तिथेच शेजारी आडवा बांधून ठेवा, आत पिल्लं असतील. नवीन बांबूला तेल-वॉर्निश लावा, तिकडे तो सहसा जात नाही. भीमाशंकरच्या जंगलात याचा एक भाऊबंद आहे, तो अमावास्येच्या रात्रीसुद्धा फुलं शोधत फिरतो. माणसाला पायाखालची वाट दिसत नाही तिथे.

प्रश्न: दसऱ्यासाठी म्हणून चाळीस झेंडू लावले, हातभर मोठी फुलं आली, पण एक माशी येईल तर शपथ. औषध मारलेलं नाही. (छत्रपती संभाजीनगर)

चाळीस हॉटेलं उघडलीत आणि किचन एकातही नाही! हायब्रीड गेंदेदार झेंडूत पाकळ्या वाढवण्याच्या नादात मधली बारीक नळीसारखी फुलं, ज्यांत रस आणि पराग असतो, ती जवळजवळ संपवलेली असतात. हाराला उत्तम, माशीला उपास. बाजारातल्या डबल शेवंतीचंही तेच. पुढच्या वेळी कडेने दहा रोपं मखमलीची, एकेरी, मधलं पिवळं बटण उघडं दिसणारी लावा. कॉसमॉस, एकेरी झिनिया, सब्जा, सूर्यफूल. आणि सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे आळस: मुळा, मोहरी, कोथिंबीर, बडीशेप थोडी थोडी काढायची राहू द्या, फुलावर जाऊ द्या. कोथिंबीर फुलली की वर सांगितलेल्या हॉवरफ्लाय हमखास येतात आणि शेजारच्या गुलाबावरचा मावा कमी होतो. गावाकडे शेत असेल तर बांधावरचं कारळं आठवून बघा, पिवळंधमक फुललेलं आणि वर नुसता गुंजारव.

औषधाचं विचारलंत म्हणून कबुली देते. 'नैसर्गिकच तर आहे' म्हणून मी एकदा सकाळी दहाला फुललेल्या सब्जावर निंबोळी तेल फवारलं, साबणाचं पाणी घालून, जरा सढळ हाताने. दुपारी कुंडीत चार फुलोऱ्या भिजून पडलेल्या. तेव्हापासून काहीही फवारायचं तर सूर्य मावळल्यावर, आणि फुलं सोडून.

प्रश्न: थंडीत त्यांना खायला मिळत नसेल म्हणून बशीत साखरपाणी ठेवते, बरोबर ना? (जळगाव)

मन चांगलं आहे तुमचं, पण नको. साखरपाणी आंबतं, मुंग्या लागतात, वेगवेगळ्या पोळ्यांतल्या माश्या एका बशीवर येऊन रोग पसरतो, आणि भांडणं होतात ती वेगळी. साधं पाणी ठेवा, पसरट थाळीत, आत खडे किंवा नारळाची शेंडी, म्हणजे बुडणार नाहीत. रोज बदला, नाहीतर डास.

प्रश्न: गुलाबाच्या पानांना कडेने अगदी गोल, कंपासने काढल्यासारखे काप. अळी दिसत नाही. (सांगली)

अळी नाहीच ती. पानं कापणारी एकटी राहणारी माशी आहे, ते तुकडे गुंडाळून पिल्लांच्या खोल्या करते, एखाद्या पोकळ काडीत नाहीतर भिंतीच्या भोकात. झाडाचं काही बिघडत नाही. कुणी विचारलं तर म्हणावं, डिझाइन आहे.

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत असतो. बॅकयार्डमध्ये जांभळी ॲस्टर फुललीत, त्यावर सकाळी सातला मोठाल्या केसाळ बंबलबी अगदी निपचित बसलेल्या असतात, हात लावला तरी हलत नाहीत, मुलगी रडायला लागली की मेल्या म्हणून. दहा वाजता बघतो तर गायब. (एक वाचक कुटुंब)

मुलीला सांगा, झोपल्या होत्या! या दिवसांत फुलांवर रात्र काढणारे बहुतेक नर असतात. एकदा घराबाहेर पडले की ते परत जात नाहीत, जिथे रात्र होईल तिथे मुक्काम. सकाळच्या गारठ्यात अंग आखडलेलं असतं, ऊन लागलं की स्नायू थरथरवून गरम होतात आणि उडतात. नराला नांगी नसते, पण कुठला नर कुठली मादी हे तिने बोट लावून ठरवू नये.

पुढचं तिला सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. कडक हिमदव पडलं की हे नर, कामकरी माश्या, जुनी राणी सगळे संपतात, फक्त यंदाच्या नव्या राण्या मातीत, पालापाचोळ्याखाली हिवाळा काढतात आणि वसंतात एकटीने पहिल्यापासून संसार मांडतात. तेव्हा तुमच्याकडची ॲस्टर आणि गोल्डनरॉड ही खरोखरच त्यांची शेवटची पंगत आहे, आणि राणी पोटात चरबी साठवते ती याच फुलांवर. पान-गळतीचा ढीग लीफ ब्लोअरने पार साफ करू नका, कुंपणाकडे एक कोपरा तसाच ठेवा. शेजारी नावं ठेवतील, तर मुलीच्या हाताने एक पाटी लिहून लावा.

प्रश्न: वाळलेल्या सब्जाच्या काडीवर रोज संध्याकाळी निळ्या-काळ्या पट्ट्यांच्या माश्या एकाखाली एक ओळीने येऊन बसतात, बसतात कसल्या, काडीला तोंडाने धरून लटकतात. माळी म्हणतो काडी उपटून टाकू, रोप मेलंय. (रत्नागिरी)

माळ्याला चहा पाजा आणि काडी वाचवा! तुम्हाला जे दिसतंय ते बघायला लोक कॅमेरे घेऊन फिरतात. ही निळ्या पट्ट्यांची माशी, हिची मादी एकटीच जमिनीत किंवा मातीच्या भिंतीत बीळ करून राहते, आणि नरांना घर नसतं. ते दिवस मावळला की एखादी बारीक वाळकी काडी पकडतात, जबड्याने घट्ट चावून धरतात, पाय सोडून देतात आणि तशीच झोप. रोज बहुधा त्याच काडीवर, आणि जागेवरून थोडी ढकलाढकली होते, पायाने एकमेकांना बाजूला सारतात, लोकलमधल्या चौथ्या सीटसारखं. ही माशीसुद्धा वांग्या-टोमॅटोचं फूल थरथरवणाऱ्यांपैकी आहे.

सहाच्या सुमाराला, उजेड जायच्या आत, एक-दीड हातावरून बघा, फ्लॅश मारू नका. काडी हलवली तर एखादी उडेल आणि परत येऊन जागेसाठी भांडेल. बिळासाठी कुंपणाजवळ हातभर जमीन उघडी ठेवा, पेव्हर ब्लॉक नको, मल्चिंग म्हणजे पालापाचोळ्याचं आच्छादनही नको. माझ्याकडे ही मंडळी मेलेल्या गोकर्णीच्या वेलावर येतात, काल सात होत्या, परवा नऊ, आणि तो वेल काढ म्हणून घरातल्यांनी दिवाळीच्या आधीपासून भुणभुण लावलीये. मी म्हटलंय, त्या गेल्या की काढते.